घसा बसला

केंटकीत तेव्हा मत तोंडानं द्यायचं, तेही चारचौघांत ओरडून. ज्याला मिळालं त्यानं उठून, टोपी काढून आभार मानायचे. उमेदवार हेझकाया टारवॉटर वकिलांनी मतदानाच्या तीन दिवसांत इतक्यांदा टोपी काढली, की शेवटी काठ तेवढा हातात राहिला. उरलेल्या टोपीत म्हणे एका कोंबडीनं संसार थाटला.

वकिलांना विधानसभेत एकच कायदा करून घ्यायचा होता: ज्यानं जंगल तोडून शेत केलं, शेत त्याचं. समोर उभे कर्नल प्रुइट. मडी फोर्क ओढ्याकाठच्या तीस घरांखालची जमीन कागदावर कर्नलचीच होती.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना दोघं एकशे एकेचाळीसवर अडले. मतं उरली ती फक्त या दोघांची. बरोबरी राहिली तर निवाडा शेरीफ स्टॅम्प्सचा, आणि शेरीफचा सासरा ओढ्याकाठीच राहायचा.

पण रिवाज असा, की सभ्य उमेदवार आपलं मत समोरच्याला देतो.

"वकीलसाहेब, आज तेवढं सभ्यपण घरी ठेवा," ओढ्यावरचा म्हातारा ज्युबल क्रॅबट्री कानाशी लागला. "स्वतःचं नाव घ्या की!"

"आपल्याच नावानं बोंबलू? बायको घरात घेईल का, ज्युबलदादा?"

वकील उठले आणि खणखणीत म्हणाले, "कर्नल प्रुइट!"

कर्नलनी कमरेत वाकून आभार मानले, तेही मुकाट्यानं. मग ते पुढं आले, गळ्याला हात लावला, मान हलवली. खिशातून खडू काढून शेजारच्या एका सुट्या फळीवर लिहिलं: 'घसा बसला. मत टारवॉटर यांना.' आणि फळी उंच धरली.

"मत ऐकू आलं पाहिजे," शेरीफ रडकुंडीला आला. "वकीलसाहेब, मतदानाच्या नियमांतलं हे कलम तुम्हीच लिहून दिलेलं. वाचू?"

"नको. पाठ आहे."

"अहो, दुपारी तर हा घोड्यावर खेकसत होता!" ज्युबल ओरडला. "घसा बसला याचा, अन् घरं बसली आमची!"

सूर्य बुडाला. शेरीफनं वही मिटली: कर्नल एकशे बेचाळीस, वकील एकशे एकेचाळीस.

वकील ओढ्यावर गेले. आपण होऊन सांगावं, एवढीच लाज राखता येत होती. त्या तीस घरांपैकी एकातली डॉर्कस पेटिट अंगणात कुऱ्हाड घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग साहेब, हिवाळ्याची लाकडं फोडू का?"

"फोडा."

"कुणाच्या चुलीसाठी?"

वकिलांनी तिच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि कोर्टाच्या काळ्या कोटातच ओंडक्यावर घाव घालायला लागले.

"साहेब," थोड्या वेळानं ती म्हणाली, "उलट्या बाजूनं मारताय."