आईचं ताट

सकाळी युलीनने आईच्या ताटाची खोली उघडली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ताट चाटूनपुसून लख्ख! कॅरिआकू बेटावर मेलेलं माणूस स्वप्नात येऊन भुकेचं बोललं, की त्याच्यासाठी बिनमिठाचं जेवण रात्रभर मांडून ठेवतात. सकाळपर्यंत त्याला कुणी बोटही लावत नाही.

"कॉस्मोर, आई जेवून गेली रे!" तिने भावाला हाक मारली.

कॉस्मोरने ताटात डोकावून पाहिलं. "कोंबडीची हाडंसुद्धा फोडलीत. आईला दात कुठे होते, बये?"

तेवढ्यात मागच्या खोलीतली परदेशी पाहुणी दारात आली. हडकुळी पोरगी, आल्यापासून नुसत्या पावावर बेट बघत फिरणारी. मान खाली घालून म्हणाली, "मावशी, मीच खाल्लं. राहवलंच नाही."

युलीन तिच्या अंगावर धावून गेली. "आईच्या तोंडचा घास काढलास, भवाने! स्वस्तात खोली दिली तुला, जेवण नव्हतं दिलं! स्वप्नात येऊन मागितलं होतं गं तिने!"

"मागितलं म्हणजे?" कॉस्मोर म्हणाला. "नेमकं काय म्हणाली आई?"

"म्हणाली, 'युलीन, तुझ्या घरात माणूस उपाशी झोपतंय.'"

बोलता बोलता तिची नजर पाहुणीवर गेली आणि ती मटकन खालीच बसली. आई कुठे तिच्या घरात झोपत होती? ती तर वर्षभर चर्चमागच्या कबरीत झोपली होती.