खालचा पुढचा दात

शाळेचं वेळापत्रक गेली नऊ वर्षं गणिताचे सर एकटेच करत होते. बावीस वर्ग, एकतीस शिक्षक आणि एकच प्रयोगशाळा. सत्र सुरू व्हायच्या आधी तीन आठवडे जेवणाचं टेबल रंगीत चिठ्ठ्यांखाली जायचं आणि घरची माणसं ताटं मांडीवर घ्यायची.

नेमक्या याच आठवड्यांत सरांच्या हिरड्यांतून रक्त यायचं. दोष ते टूथपेस्टला द्यायचे. सात टूथपेस्ट बदलून झाल्या. यंदा खालचा पुढचा दात हलू लागला. तो पडला तर नववीचा वर्ग आपल्याला जन्मभराचं टोपणनाव देईल, ही धास्ती. बायकोने त्यांना दातांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी जुने कागद चाळले. "दरवर्षी याच महिन्यात येता. असं काय असतं या महिन्यात?"

"वेळापत्रक," बायको म्हणाली. सरांच्या तोंडात आरसा होता.

"झोपेत दात खातात?"

"करकरा. मधूनच 'सातवी ब कुठे बसवू' असंही विचारतात."

"ताणाने हिरड्यांची झुंजायची ताकद कमी होते. त्यात दात खाल्ले, घासायची टाळाटाळ केली, की संपलंच."

"टाळाटाळ नाही," तोंड मोकळं होताच सर म्हणाले. "त्या दिवसांत वेळ पुरत नाही, म्हणून वाटणी केलीय. सोम, बुध, शुक्र वरचे दात. मंगळ, गुरू, शनी खालचे."

"आणि रविवारी?"

"रविवारी सुट्टी."

बाईंनी मास्क उगाच सारखा केला.

दाताशी हिरडी सहा मिलिमीटर सुटली होती. तीनपर्यंत चालतं. बाईंनी हिरड्या साफ केल्या आणि म्हणाल्या, "सहा आठवडे रोज दोन्ही वेळा, सगळे दात. आणि वेळापत्रक दुसऱ्या कुणाला द्या. नाहीतर पुढच्या खेपेला दात इथेच ठेवून जा."

सरांनी चिठ्ठ्यांचा डबा चित्रकलेच्या बाईंकडे सोपवला. मुलगी सासरी धाडावी तसा. त्यांनी चार दिवसांत काम उरकलं. पहिल्याच मंगळवारी दोन वर्ग एकाच तासाला मैदानावर आले. खेळाच्या सरांनी त्यांचा आपसात सामना लावला आणि कुणाचीच तक्रार आली नाही. गणिताचे सर खिडकीतून बघत होते.

"सर, जबडा," शेजारून चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

सरांनी जबडा सैल सोडला. अवघड गेलं.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं. चार मिलिमीटर. "दात राहतोय," त्या म्हणाल्या.

सरांनी दातावरून जीभ फिरवली. "मग पुढच्या वर्षी निदान वरच्या वर्गांचं वेळापत्रक मी..."

"डॉक्टर," बायको पर्सची चेन ओढत म्हणाली, "काढूनच टाका तो."