मेलेल्यांच्या परडीत सरपंचांची यादी

रविवारच्या प्रार्थनेत आपल्या उमेदवारांच्या यादीतली अकरा नावं मोठ्याने वाचली गेली, तर निदान दोनशे मतं पदरात पडतील, असा गव्रिल तोमोयागा सरपंचांचा हिशेब होता. बदल्यात चर्चच्या गळक्या छपरासाठी पत्रे द्यायचे. सौदा स्वस्तातला होता. तो फसला माझ्यामुळे.

मित्रांनो, मी रुमानियातल्या एका डोंगरी गावच्या चर्चमधली जुनी परडी आहे. टोपल्या विणणाऱ्या मेलिंतेने नदीकाठचे ओले फोक सोलून मला आणि माझ्या बहिणीला एकाच दिवशी विणलं. तिच्या कडीला लाल दोरा, माझ्या कडीला काळा. लोक नावांच्या चिठ्ठ्या आणतात. जिवंतांच्या तिच्यात पडतात, मेलेल्यांच्या माझ्यात. नावं प्रार्थनेत वाचली जातात. ही रीत गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पूर्वी, कम्युनिस्टांच्या राज्यात, देवाचं नाव घेणाऱ्याची नोकरी जायची. तेव्हा माझा तळ उघडा पडला, उंदरांनी काठ कुरतडले. गावचा पक्षसचिव सभेत देवाला यथेच्छ शिव्या द्यायचा. पण दर शनिवारी त्याची म्हातारी आई येऊन त्याच्या मेलेल्या बापाची चिठ्ठी माझ्यात सरकवायची. चिठ्ठीवरचं अक्षर सचिवाचंच असायचं! मी कधी कोणाला बोलले नाही.

मग दिवस पालटले. आता पुढारी चर्चमध्ये सर्वांत पुढे उभे राहतात. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच पुढे.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात सरपंच आले.

"फादर, मी कुठे म्हणतो मतं मागा? नुसती नावं वाचा. सोमवारी पत्रे दारात."

फादर सिल्वेस्त्रुंनी वर पाहिलं. छपरातून एक थेंब नेमका त्यांच्या दाढीत पडला. हिवाळा तोंडावर होता. बर्फ पडलं की भिंतींवरची संतांची चित्रं भिजून गळून पडणार होती. त्यांनी दाढी पुसली.

"गव्रिल, नाव इथे कोणाचंही वाचतात. चिठ्ठी टाक, ओघात येईल. पत्र्यांचा त्याच्याशी संबंध नाही."

"संबंध कसा नाही? छप्पर तुमचं, पत्रे माझे!"

"मग असं कर, पत्रे आधी दे. नावं निवडणूक झाल्यावर वाचतो."

"फादर, तुम्ही राजकारणात हवे होतात," सरपंच हसले आणि चिठ्ठी काढून आमच्याकडे वळले.

मित्रांनो, आमच्या गावची तरुण पोरं कामाला इटलीत गेली आहेत. त्यामुळे बहिणीत जेमतेम दहा चिठ्ठ्या, आणि मी मात्र काठोकाठ. जिकडे गर्दी तिकडे पुढारी! सरपंचांचा हात माझ्याकडे आला.

"अहो सरपंच, ती नव्हे हो, ती..." मेणबत्त्या विकणाऱ्या साफ्ताबाई म्हणाल्या.

"साफ्ताबाई, तुम्ही मेणबत्त्या विका. मला शिकवू नका."

"बरं बाबा, राहिलं," म्हणून त्यांनी तोंड मिटलं. तोंड मिटून एवढ्या खूश झालेल्या त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी जिवंतांची नावं वाचून झाली. सरपंचांच्या कपाळावर आठी चढली. मग गायक पाम्फिलने माझ्यातल्या चिठ्ठ्या उचलल्या. त्याला दूरचं दिसत नाही, आणि जवळचं तो विचार न करता वाचतो.

"प्रभू, तुझ्या निजलेल्या सेवकांना विसावा दे. मारिउका, तोदोसिए, गव्रिल तोमोयागा, सरपंच, यादीत क्रमांक एक..."

"अनंतकाळ त्यांची आठवण राहो!" सवयीने सगळं गाव गाऊन गेलं.

"अगं बाई! सकाळी तर धडधाकट होता!" मागून कोणीतरी म्हणालं.

"राजकारणात कळत नाही गं!"

हसू असं फुटलं की मेणबत्त्या विझल्या. सरपंचांच्या बायकोने मात्र तीन वेळा छातीवर क्रूस काढला. जिवंत माणसाला मेलेल्यांत वाचणं आमच्याकडे भलतंच अशुभ. फादर त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि दीर्घायुष्याची पूर्ण प्रार्थना म्हणाले. कोणी विचारलं, तर म्हणाले, "घाबरलेला माणूस कोणत्या पक्षाचा, ते मी विचारत नाही."

पत्रे आले नाहीत. पण घराघरांतून लाकडी फळ्या निघाल्या, आणि पहिल्या बर्फाआधी छप्पर शाकारून झालं. संत कोरडे राहिले.

मित्रांनो, मी आता खिळखिळी झाले आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, काठ बांधून घ्या. आणि माझ्यात नावं टाका ती आठवणीची. मतांसाठी दुसरी पेटी आहे, ती शाळेत ठेवतात.

आता या सगळ्याची कोणाला काय किंमत पडली, ते सांगते. सरपंचांना खुर्ची पडली; एकतीस मतांनी हरले. गावातल्या दोनशे बारा घरांना प्रत्येकी एक दिवसाची बुडालेली मजुरी पडली. गव्रिलना दोन दिवसांची. ते आपणहून शिडी धरायला आले होते, आणि त्यांना कोणी भाषण करू दिलं नाही. पक्षाला काहीच पडलं नाही. फादरना हातोडीचा एक घाव पडला. त्यांचा डावा अंगठा अजून काळानिळा आहे.