तिसरी फेरी

टेबलावर दहा बोल्ट होते, दहा वॉशर, एक नवं गॅस्केट, तेलाची छोटी वाटी आणि दोन फडकी. इंजिनाच्या उघड्या ब्लॉकमध्ये चार सिलिंडर होते आणि त्यांच्या भोवती बोल्टांसाठी दहा भोकं. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या माझ्या आत्याला हात दोनच होते, पण उजवा सध्या रजेवर आहे, असं ती म्हणायची.

अकरा महिन्यांपूर्वी ती स्वतःच्याच गॅरेजच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत धातूची एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. हाड जुळलं, ताकद परतली. अंगठ्याची आणि शेजारच्या दोन बोटांची जाणीव मात्र अर्धवटच आली. उरलेली येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वाक्यात माहिती शून्य आहे, असं मी म्हटलं, तर खरं बोलणाऱ्या माणसावर चिडू नये, असं तिनं मलाच सुनावलं.

जुन्या गाड्यांची इंजिनं तिनं एकतीस वर्षं बांधली. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जड झाकणाचे, बोल्ट ती साध्या पान्यानं, हाताच्या अंदाजानं आवळायची. बोल्ट आवळताना एक क्षण असा येतो की तो नुसता फिरायचा थांबतो आणि ताणला जाऊ लागतो. फरक केसाएवढा असतो. तो तिला तळहातात कळायचा. आता चहात फिरवलेला चमचा कपाच्या तळाला टेकला की नाही, हे ती आवाजावरून ओळखायची.

अपघातानंतर तिनं गिऱ्हाइकाच्या इंजिनाला हात लावला नव्हता. ते काम तिचा शिष्य करायचा. तो अंगानं तिच्या दुप्पट, म्हणून सगळे त्याला बारीक म्हणत. बारीक टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला त्याचा आकडा दाखवणारा पाना, वापरायचा आणि त्याचं काम चोख होतं. तूही तोच का वापरत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं.

"आकडा कुणालाही मिळतो गं," ती म्हणाली. "मला आकड्याची आठवण येत नाही."

हे बोलताना ती गिऱ्हाइकाच्या गाडीकडे नाही, स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

परीक्षेची कल्पना माझी होती. मी पदार्थविज्ञान शिकले आणि लहानपणापासून दिसेल ते मोजत आले, त्यामुळे आत्या मला मापटं म्हणते. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिच्या स्वतःच्या जुन्या गाडीचं हेड बसवायचं ठरलं. गाडी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. काट्याचा टॉर्क रेंच घ्यायचा, मोजपट्टीवर पुठ्ठा असा लावायचा की काटा फक्त मला दिसेल. आत्यानं अंदाजानं आवळायचं आणि मी आकडे लिहायचे. या इंजिनाला सत्तर न्यूटन-मीटर लागतात. दहापैकी आठ बोल्ट सहासष्ट ते चौऱ्याहत्तरच्या आत आले, तर ती पुन्हा गिऱ्हाइकाचं काम घेणार. नाही आले, तर दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या किल्ल्या बारीकच्या हातात आणि ती स्टुलासकट घरी. ही अट तिनं घातली.

आम्ही भोकं फडक्यानं कोरडी केली. तळाशी तेल साचलं तर ते दाबलं जात नाही आणि बोल्ट खरा आवळण्याआधीच आवळल्यासारखा वाटतो. बोल्टांच्या आट्यांना फक्त बोट ओलं होईल इतकं तेल लावलं. गॅस्केट बसवलं, हेड ठेवलं, बोल्ट हातानं फिरवले. क्रम मधून बाहेर, आलटून पालटून, चादरीची सुरकुती काढावी तसा. पहिली फेरी तीसची, दुसरी पन्नासची. त्या दोन्ही मी काटा बघून केल्या. तिसरी तिची.

तिनं रेंच बोटांत धरला आणि पहिला बोल्ट ओढला. थांबली. मी बासष्ट लिहिलं.

"तोंड तिकडे कर," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावरचा काटा मला दिसतो."

मी मान खाली घातली. दुसरा एकसष्ट, तिसरा त्रेसष्ट, चौथा साठ. चौथ्यानंतर तिनं रेंच खाली ठेवला आणि अंगठा दुसऱ्या हातानं चोळत बसली. हे चार गेले ना, असं तिनं विचारलं. काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी लिहिलेल्या आकड्यांकडे बघत राहिले. तेही सांगणंच होतं.

मग तिनं बाही कोपराच्या वर सरकवली. रेंचचा दांडा बोटांऐवजी तळहाताच्या टाचेवर, मनगटाजवळच्या जाड भागावर घेतला, कोपर सरळ केलं आणि डोळे मिटले.

"बोटं थापा मारतात. खांद्याला विचारून बघते."

आता ती ओढताना हात हलत नव्हता, पाठ हलत होती. पाचवा एकोणसत्तर. सहावा एकाहत्तर. सातव्याला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, गर्दीत ओळखीची हाक ऐकू यावी तसं, आणि काटा सत्तरवर होता. आठवा अडुसष्ट, नववा बाहत्तर, दहावा सत्तर.

तिनं डोळे उघडले आणि वाच म्हणाली. दोन आकडे बदलणं पेन्सिलीचं काम होतं. बासष्टचे सदुसष्ट आणि त्रेसष्टचे अडुसष्ट होऊ शकले असते. मला ते करावंसं वाटलं. मी जसे होते तसे वाचले.

"सहा," ती म्हणाली.

मी वाद घातला. पकड मध्येच बदलली, म्हणजे हे दोन वेगळे प्रयोग आहेत, पहिले चार दुसऱ्यात धरता येत नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मापट्या, आठ ठरलं होतं. आता सूट दिलीस तर उद्या तुझ्या मापाला कोण विचारेल?"

तिनं खिशातून किल्ल्या काढल्या आणि टेबलावर, तेलाच्या वाटीशेजारी ठेवल्या. मग तिनं उजवा तळहात हेडवर टेकवला. थंड लागतंय का, असं मी विचारलं. थोडं, असं ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.

शेवटी मीच म्हटलं की पहिले चार अजून कच्चे आहेत. ती उठली. गाडी माझी आहे, कच्ची सोडून कशी जाऊ, असं काहीसं पुटपुटली. मी पुठ्ठा काढायला गेले, तर राहू दे म्हणाली. थांबलेला बोल्ट पुन्हा हलवताना काटा जास्त दाखवतो, म्हणून प्रत्येक बोल्ट आधी पाव फेरा सैल करायचा आणि मग एका दमात ओढायचा. एक झाला की पुढचा. तिनं दांडा तळहाताच्या टाचेवर घेतला आणि डोळे मिटले. मी पेन्सिल उचलली.

पहिला सत्तर. दुसरा एकोणसत्तर. तिसरा एकाहत्तर. चौथा सत्तर.