पिकअपचा पोळा

पोळ्याच्या सकाळी आमच्या गल्लीत बैलांच्या घुंगरांच्या आधी बापलेकाचं भांडण ऐकू आलं. भांडणाचं कारण पिकअप होती, आणि तिचा गुन्हा इतकाच की तिची आंघोळ झाली होती.

"बाबा, तुमाले सीट उचलाले कोनं सांगतलं होतं?" गोकुळ डोक्याला हात लावून विचारत होता.

"सांगाले कायले पाह्यजे?" वामनराव शांतपणे धोतर पिळत म्हणाले. "बैल धुतो तं मी नुसती पाठच धुतो का? पोटाखालून धुतो, काखेतून धुतो. गाडीचं पोट सीटखाली हाये. म्हनून सीट उचलली अन् धुतलं."

मी समोरच्या घरात राहतो, त्यामुळे वामनरावांच्या घरातली कुठलीच गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. ही मात्र डोळ्यांनी बघूनही खरी वाटेना. ती पिकअप पेट्रोलवर चालणारी, लहान जातीची. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. म्हाताऱ्याने पहाटेच मोटरचा पाइप ओढून आणला होता आणि त्या इंजिनावर मनसोक्त पाणी सोडलं होतं. वरून शिकेकाई लावली नाही हे नशीब. गोकुळने चावी फिरवली तर गाडी भुरभुर करायची, जागच्या जागी थरथरायची, फट्‌कन आवाज काढून मरायची.

"मिसिंग मारून राह्यली," गोकुळ म्हणाला. "प्लगमंदी पानी गेलं."

"मंग काढ ते पानी. संध्याकाळी तिले तोरनाखाली उभी करनं हाये."

आता खरी गोम सांगतो. वामनरावांनी उन्हाळ्यात बैलजोडी विकली. गुडघे चालेनात, गोकुळला गाडीधंद्यातून वेळ मिळेना, बैलांचे हाल व्हायला लागले. विकली त्या दिवशी वामनराव जेवले नाहीत. गावच्या पोळ्यात त्यांची जोडी मोतीरामच्या जोडीच्या बाजूला उभी राहायची, त्या दोघांना मिसरूड फुटल्यापासून. यंदा गोठा रिकामा. म्हणून म्हातारा पाटलाकडे गेला आणि पिकअप रांगेत उभी करायची परवानगी मागून आला. पाटील हसून हो म्हणाले. तिथेच बसलेला मोतीराम मात्र बोलला, "वामनराव, बैल नाई तं पोळा कायचा? घरी बसा, पुरनपोळी खा." ते म्हाताऱ्याच्या काळजात रुतलं. त्या दिवसापासून ते पिकअपला गोंडे बांधत होते, आरशांवर बेगड चिकटवत होते. आदल्या दिवशी तर बैलांना देतात तसं, पाटावर बसवून तिला पोळ्याच्या जेवणाचं आवतणही दिलं, म्हणजे पाटावर स्वतः बसले आणि गाडीसमोर हात जोडले.

गोकुळने मोताळ्याच्या मिस्त्रीला फोन लावला. पलीकडून घुंगरांचा आवाज आला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, मी माह्या गावाले हाये, बैल सजवून राह्यलो. उद्या सकाळी पाहू." दुसऱ्या मिस्त्रीने फोनच उचलला नाही. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे पाना हातात धरणारा माणूस सापडणं कठीण.

"मंग घरीच करू," गोकुळची बायको जयमाला म्हणाली. तिचे हात पुरणाने माखलेले होते. "व्हिडिओत दाखवतात की."

शेवटी माझी मोटरसायकल कामाला लागली. गोकुळ आणि मी मोताळ्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांनी वाकलं होतं, रात्रीच्या सरीने काळी माती अजून चाकांना चिकटत होती, आणि जिथे तिथे ओढ्यावर बैल न्हाऊन निघत होते. पार्टच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आम्ही वाकून आत शिरलो, चार नवे प्लग आणि लांब नळीचा प्लगपाना घेतला आणि परत फिरलो.

प्लग म्हणजे काय, हे मलाही त्या दिवशीच नीट कळलं. बोटाएवढी वस्तू, वर पांढरी चिनीमाती, खाली आटे. इंजिनात ठिणगी पाडणं एवढंच तिचं काम. ती ठिणगी पडली नाही तर बाकीचं सगळं इंजिन फुकट. प्रत्येक प्लग एका खोल भोकात बसवलेला असतो आणि त्याच्यावर एक कॉइल टोपीसारखी बसते. गोकुळने पहिली कॉइल वर ओढली तर खालचं भोक काठोकाठ भरलेलं.

"विहीरच हाये बे ही," मी म्हणालो.

"आता प्लग खोलला तं हे सारं पानी इंजनात जाईन," गोकुळ म्हणाला. "आधी उपसा लागीन."

मग उपसा सुरू झाला. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या वाती करून भोकात सोडल्या. सायकलचा पंप मारला, तेव्हा उडालेलं घाण पाणी बरोबर माझ्या सणाच्या सदऱ्यावर आलं. वामनरावांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, कॉइली सुपात मांडून उन्हात ठेवल्या आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला नवऱ्याला बसवलं. "बसा इथं. अन् हात लावू नका कशाले," त्या म्हणाल्या. वामनराव बसले. गावभर ज्यांचा दरारा त्या माणसाला बायकोने सुपापाशी बसवलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

जुने प्लग निघाले ते गंज चढलेले. एकाची चिनीमाती तडकली होती. गोकुळ म्हणाला, हे तसेही जायलाच आले होते, पाण्याचं निमित्त झालं. तो हे मोठ्याने म्हणाला, बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वामनरावांनी सुपावरून नजर वर केली नाही, पण त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

तीन नवे प्लग नीट बसले. चौथा काही केल्या आट्यात जाईना. भोक खोल, बोटं पोचत नाहीत, आणि पान्याने घातला की वाकडा बसतो.

"सरक," म्हणत वामनराव उठले. "जोर लाव, जोर."

"जोर नाई लावाचा मामाजी," जयमाला मधे पडली. "वाकडे आटे पडले तं इंजनच खोला लागीन. मंग गेला पोळा."

म्हाताऱ्याचा हात पान्यावरून मागे आला. जयमाला गोठ्यात गेली आणि फवारणीच्या जुन्या पंपाची रबरी नळी कापून घेऊन आली. नळीच्या तोंडात प्लग घट्ट खोचून तिने तो भोकात सोडला आणि नळी दोन बोटांनी फिरवली. नळी गरगर फिरली, प्लग मुकाट्याने आट्यात उतरला. "आमच्या माहेरी मोटरसायकलचा असाच बसवते माहा भाऊ," ती म्हणाली आणि पुरण करपतंय म्हणून धावत आत गेली.

गोकुळने पान्याने बेताने आवळलं, वाळलेल्या कॉइली बसवल्या आणि चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. थरथर नाही, फट्‌ नाही. वामनरावांनी गाडीच्या दारावर थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. डोळे पुसले, आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी आभाळाकडे बघत होतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही निघालो. गोकुळ स्टिअरिंगवर, वामनराव शेजारी फेटा बांधून. पोळा भरतो त्या मारुतीच्या देवळाकडे जाणारा चढ सुरू होतो तिथे पाटलांनी हात आडवा केला.

"इंजन बंद कर गोकुळ."

"काऊन? परवानगी देली ना तुमी."

"देली. पन वर पाह्य. समदे बैल उभे हायेत. मांगच्या साली टॅक्टर सुरू झाला अन् दोन जोड्या कासरा तोडून पळाल्या. एक बाई थोडक्यात वाचली. तोरनापाशी इंजन चालनार नाई."

गोकुळने गाडी बंद केली. दिवसभर उपसलेली ती विहीर, तो पंप, माझा सदरा, सगळं त्या चावीबरोबर गप्प झालं. गोकुळ दारातून स्टिअरिंग धरून आणि मी मागून रेटायला लागलो. गाडी हात-दोन हात सरकायची आणि परत मागे यायची. वर कुणीतरी म्हणालं, एखादी जोडी जुंपा. लगेच दुसऱ्याने त्याला झापलं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे लेकरालाही ठाऊक असतं.

वामनराव खाली उतरले. दुखऱ्या गुडघ्यांनी मागे आले आणि स्वतःच रेटायला वाकले. त्यांचा फेटा सुटून गळ्यात आला. रांगेतून लोक बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मोतीराम खाली येताना दिसला. त्याने आपल्या जोडीचा कासरा पोराच्या हातात दिला होता. जवळ येऊन त्याने वामनरावांना बाजूला केलं.

"गुडघे फोडून घेता का? व्हा तिकडं."

"तूच म्हनत होता, घरी बसा."

"म्हनलं होतं." मोतीरामने खांदा गाडीला लावला. "पन तिथं उभा राह्यलो तं बाजूची जागा रिकामी. बरं नाई वाटून राह्यलं मले. चला, तुमी समोर चाला."

मोतीराम वाकला हे पाहून आणखी माणसं उतरली. गाडी चढली. वामनराव आरशाला हात लावून पुढे चालले आणि मोतीरामच्या जोडीच्या बाजूला, त्यांच्या नेहमीच्या जागेवर, पिकअप उभी राहिली. झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, सुरू झाल्या, तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले.

गोकुळ घाम पुसत आत बसला. "आता बैल गेले बाबा. बसा, घरी जाऊ," म्हणत त्याने चावीला हात घातला.

वामनरावांनी खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली.

"सुरू नको करू."

"आता काऊन?"

"आज पोळा हाये ना बे," म्हातारा म्हणाला. "आज तिले कामाले लावत नाईत."

गोकुळने माझ्याकडे पाहिलं, मी मोतीरामकडे. मोतीरामने बाह्या वर केल्या आणि परत गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.