उतरलेला आकडा

भाऊ हसत होता; त्याची बहीण आणि बायको हसत नव्हत्या. त्याचे त्याला सोयरसुतक नव्हते. मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून त्याने मोबाइल बहिणीपुढे धरला होता. पडद्यावर त्याच्या लेकीच्या, ठमीच्या, रक्ताचा अहवाल होता आणि खाली बहिणीचीच सही. ती याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होती.

“उतरला की नाही यकृताचा आकडा, ताई? परवा हजारांत होता, आज शेकड्यांवर! आता माझं पोट फाडायला नको. सासऱ्यांनाही कळवून टाकलं.”

ताईने पडद्यावरची आपली सही पाहिली. सकाळी सही करताना हात थरथरला असता, तरी बरे वाटले असते; तो नेहमीसारखाच वळणदार चालला होता. आपल्या आतले दिवे मालवून, दार ओढून कुणीतरी निघून गेले आहे, एवढेच तिला जाणवत होते.

“तुम्हा डॉक्टरांना आनंद पचत नाही बघ,” भाऊ म्हणाला. “चेहरा असा, जणू मी नापास झालोय.”

“आनंदाचं काही नाही त्यात.” स्वतःचा आवाज तिला भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. “यकृताच्या पेशी मरतात तेव्हा हा आकडा चढतो. तिच्या आता मरायलाही फारशा उरल्या नाहीत, म्हणून उतरलाय. खालची ओळ वाच. रक्त गोठायला कालच्यापेक्षा जास्त वेळ लागतोय. कावीळ वाढलीय. काल हाकेला डोळे उघडायची, आज चिमटा काढला तरी…”

काचेपलीकडे ठमी निजली होती, हळदीच्या रंगाची. यंत्रावरची हिरवी रेघ आपली वाट मुकाट चालत होती.

“म्हणजे ऑपरेशन होणारच?”

“आजच. तुझ्या यकृताचा तुकडा मिळाला तर. उद्यापर्यंत किडन्याही साथ सोडतील.”

भावाने मोबाइल खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. “आणि माझंच काही बरंवाईट झालं तर?”

“होऊ शकतं,” ताई म्हणाली. “क्वचित. पण नाही असं मी म्हणणार नाही.”

इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली भावजय तेव्हा बोलली. तिचा रक्तगट लेकीशी जुळला नव्हता; तिघांत फक्त भावाचाच जुळला होता.

“वन्सं, थांबा. मला यांनाच विचारू दे.” आवाजात ना राग होता, ना विनवणी. “अहो, देताय ना?”

भावाने एकदा काचेकडे पाहिले. मग शर्टाची सुरकुती तळहाताने सारखी केली आणि बाहेरच्या दाराकडे नेणारा जिना उतरू लागला.