टेबल होता होता

मित्रांनो, माझ्यावरचे झाकण उचलले की पाहणारे आधी एक पाऊल मागे सरतात आणि मग म्हणतात, "केवढं हे धूड!" मला त्याचा राग येत नाही. एका जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकचे मी इंजिन आहे. वय साठीच्या पुढे, वजन तुमच्या वर्गातल्या सात-आठ जणांइतके.

माझा जन्म १९६४ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि मी आकाराला आलो. प्रार्थनेला उभी राहिलेली मुले दिसतात ना, तसे माझे सहा सिलिंडर एका ओळीत आहेत. माझी लहान भावंडे मोटारींत गेली. मी त्यांच्यात सर्वांत दांडगा, म्हणून मला ट्रकमध्ये बसवले. शेजारी आठ सिलिंडरांची इंजिने तयार होत. तरुण मुले त्यांचा आवाज ऐकूनच खूश होत. माझ्यासाठी कधी कोणी शिट्टी वाजवली नाही. वेग हा माझा प्रांत नव्हताच. वजन लादा, सावकाश ओढायला सांगा, मग माझी मजा बघा!

विहिरी खोदणाऱ्या एका परदेशी तुकडीबरोबर मी बोटीने भारतात आलो. पुण्याजवळचे काम संपले, साहेब लोक परत गेले आणि लिलावात वारज्याच्या हिंदुरावांनी ट्रकसकट मला घेतले. तेव्हा वारजे हे खरोखरीचे गाव होते. हिंदुरावांना माझे भारी कौतुक. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ मला, दुसरी बैलांना.

मग १९८१ साल उजाडले. घराचे पत्रे बदलताना हिंदुराव खाली पडले आणि त्यांचा पाय मोडला. नेमका त्याच आठवड्यात सगळा फ्लॉवर काढणीला आला होता. दोन दिवस थांबला असता तर पिवळा पडला असता. तेव्हा त्यांची बायको शकू पुढे आली.

"ट्रक मी नेते," ती म्हणाली.

"रानात चालवणं येगळं आन पुण्यात येगळं," हिंदुराव खाटेवरून म्हणाले.

"वझं त्येच, गाडी तीच. मग?"

आणि पहाटे शकूने पदर खोचून मला सुरू केले. माझ्या ट्रकचे स्टिअरिंग अमेरिकन पद्धतीने डाव्या बाजूला आहे. स्वारगेटला पोलिसाने आम्हाला अडवले, सवयीने उजव्या खिडकीशी गेला आणि आत पाहतो तर चालकाच्या जागी फ्लॉवरची पाटी! तो दोन पावले मागेच सरला.

"सायेब, मी हिकडं हाय," शकू म्हणाली. पोलीस हसला आणि त्याने शिट्टी वाजवून आमच्यासाठी वाट मोकळी करून दिली. पुढची अकरा वर्षे गुलटेकडीच्या बाजारात भाजी शकूनेच पोहोचवली. वाटेत मी अडलो की तीच खाली उतरायची, झाकण उघडायची आणि माझे बिनसलेले शोधून काढायची. माझ्या आयुष्यातला तो सोन्यासारखा काळ.

नंतर डिझेलचे टेम्पो आले. त्यांची तहान माझ्यापेक्षा कमी. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हिंदुराव वारले. शकू त्यांतल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेली आणि मला इमारतीमागच्या शेडमध्ये ठेवले. तीस वर्षे मी तिथे होतो. आतले तेल सुकले, पिस्टन जागच्या जागी अडकून बसले. खोटे कशाला बोलू, मलाही वाटू लागले होते की माझे काम झाले.

एक दिवस शेडचे दार उघडले. शकूचा मुलगा विश्वजीत आत आला. तो आता बांधकाम व्यवसायात आहे. बरोबर त्याची मुलगी दीक्षा होती, हिंजवडीतली सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि स्वारगेटजवळ गॅरेज असलेले श्यामसुंदर.

"बॉडी रंगवायची, आत नवं डिझेल इंजिन टाकायचं," विश्वजीत म्हणाला. "हे जुनं काढून वर काच बसवू. ऑफिसात चहाचं टेबल होईल, झकास!"

श्यामसुंदरांनी चष्म्यावरून पाहिले. "नवीन गाडीच हवी असेल, तर शोरूम हायवेला आहे. तिथे काचही बसवूनच देतात."

दीक्षा हसली, पण मग गंभीर होऊन म्हणाली, "बाबा, मला आठ दिवस द्या. सुरू झालं तर राहू दे. नाही झालं, तर तुमचं टेबल."

विश्वजीत कबूल झाला. दीक्षाने आठवडाभर रजा काढली. श्यामसुंदर सांगत आणि ती करी. तिने प्लगच्या भोकांतून तेल ओतले. रोज लांब पान्याने मला फिरवून पाहिले. पाचव्या दिवशी मी बोटभर हललो, तेव्हा ती शेडमध्ये नाचली! कार्बोरेटर साफ झाला, बॅटरी आली. शनिवारी तिने सगळ्या वायरी काढून नव्या लावल्या. आता फक्त रविवार उरला होता, आणि श्यामसुंदर म्हणाले, "रविवारी मी येत नाही. ते तीस वर्षं थांबलंय, सोमवारपर्यंत थांबेल."

पण मुदत रविवारची होती. सकाळीच विश्वजीत ज्ञानदेव नावाच्या सुताराला टेपसकट घेऊन हजर झाला. दीक्षाने चावी फिरवली. मी जीव तोडून प्रयत्न केला. खर्र खर्र... फट्! पुन्हा तेच. ज्ञानदेवने टेपचे टोक माझ्या डोक्यावर ठेवले. दीक्षाचे डोळे भरून आले.

"थांबव त्यो टेप," मागून आवाज आला. हातात काठी घेऊन शकू दारात उभी होती. तिचे केस पांढरे झाले होते. "वर खिडकीतून ऐकतीय मी मगापासनं. वायरी कशा लावल्यास गं?"

"आजी, मोबाईलवर बघून. ठिणगीचा क्रम एक, पाच, तीन, सहा, दोन, चार."

"आकडं बराबर हायेत." सहा वायरी जिथून निघतात, त्या गोल झाकणावर शकूने बोट ठेवले आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवले. "पर जायचं असं. तू उलटी फिरलीस."

दीक्षाने वायरी पुन्हा लावल्या. शकू स्वतः चालकाच्या जागी चढून बसली, चोक ओढला, चावी फिरवली.

मित्रांनो, मी सुरू झालो! आधी धूर आला, मग मागच्या नळीतून कुण्या उंदराचे अख्खे घरटे उडून विश्वजीतच्या पांढऱ्या शर्टावर बसले. मग माझे सहाही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. ज्ञानदेवने टेप गुंडाळला. "साहेब, हे हलायचं थांबल्याशिवाय माप घेता येणार नाही."

विश्वजीतने शर्ट झटकला नाही. तो आईकडे बघत राहिला. "आई, तुला अजून हे सगळं येतं? मला कधी बोलली नाहीस."

"इचारलंस कवा?" शकू म्हणाली आणि तिने मला गिअरमध्ये टाकले.

आता दर रविवारी विश्वजीत खाली येतो, माझे तेल बघतो, पाणी बघतो. अडले की आईला फोन लावतो. दीक्षा गाडी चालवते, शकू शेजारी बसून चुका काढते.

तुमच्याही घरात एखादे यंत्र गप्प पडले असेल. त्याला वेळेवर तेल द्या, अधूनमधून चालवा. भंगारात काढायचेच ठरले, तर आधी ते ज्याने चालवले त्याला बोलावून आणा. आणि त्याला बसायला खुर्ची द्या, कारण तो बराच वेळ सांगत राहील.